आप्पा जे बोललेच नाहीत

बुधवारी दुसरा तास संपवून मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. समोरच्या खुर्चीवरच्या मॅडमनी आपला फोन माझ्यापुढे धरला आणि आवाज कमी करून विचारलं, "हे तुमचे वडील ना?"

वडीलच होते. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर शाल, मागे शाळेचा हिरवा पडदा, पुढे माईक. आप्पा माझ्याकडे बघून, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून, शांतपणे बोलत होते, "स्टँडसमोरच्या या टपऱ्यांमुळे गावाची शोभा गेली आहे. हे लोक वर्षानुवर्षं फुकट जागा अडवून बसले आहेत. त्यांना उठवल्याशिवाय गाव सुधारणार नाही. मी ग्रामपंचायतीला तसं लेखी दिलं आहे."

एवढंच. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ.

मला सगळ्यात आधी काय वाटलं, ते मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. मला आप्पांचा राग आला. या वयात यांना गावाच्या भानगडीत पडायची काय गरज होती, असं वाटलं. लोणखेड्याच्या या कॉलेजात मी अठरा वर्षं कॉम्प्युटर शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना डीपफेक म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर चौकोन आणि बाण काढून समजावते. तरीही माझ्या सख्ख्या बापाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातलेले मला ओळखू आले नाहीत. चेहरा आप्पांचा होता, आवाज आप्पांचा होता, वाक्याच्या शेवटी किंचित थांबायची सवयसुद्धा आप्पांचीच होती. मॅडमनी व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला तेव्हा कुठे माझं लक्ष ओठांकडे गेलं. ओठांभोवतीची कातडी जरा जास्त गुळगुळीत दिसत होती, पाण्याचा हात फिरवलेल्या भाकरीसारखी.

उरलेला तास मी दुसऱ्या सरांना घ्यायला सांगितला आणि स्कूटी काढून म्हसावदला निघाले.

आप्पा म्हसावदच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होते. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांचा सकाळचा एकच नेम होता. नऊ वाजले की वर्तमानपत्र बगलेत मारून ते स्टँडसमोर गादीवाल्या चाचांच्या दुकानात जायचे. चाचा आणि आप्पा चौथीपर्यंत एका वर्गात होते. पुढे चाचांची शाळा सुटली आणि ते वडिलांबरोबर कापूस पिंजायला लागले. तेव्हा दारोदार फिरून धनुष्यासारख्या पिंजणीवर काम चालायचं. आता पत्र्याच्या दुकानात विजेचं मशीन आहे. चाचांच्या भुवयांवर कायम कापसाचे तंतू असतात. त्यांच्या घरात हिंदी बोलतात, पण आप्पांशी ते अहिराणीतच बोलतात, लहानपणापासून.

दुकानाबाहेर एक लाकडी बाक असे. आप्पा त्यावर बसून पेपर मोठ्याने वाचत आणि चाचा आत मांडी घालून गादी शिवत ऐकत. मशीन चालू झालं की आप्पा शब्द अर्धा सोडून थांबत आणि मशीन बंद झालं की त्याच शब्दापासून पुढे वाचत. नोकरीत असताना ते सुट्टीच्या दिवशीच जायचे; लहानपणी मी त्यांच्याबरोबर गेले की मला त्या थांबण्याची फार गंमत वाटायची.

मी घरी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आप्पा ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होते. हे काम ते कधी करत नाहीत. आईने मला आत बोलावलं.

"दोन दिन व्हई गयात, दुकानवर जात नही," ती म्हणाली. "गया व्हता सोमवारे. गादीवाला भाईनी सांगं, काम शे. बाक भी बाहेर नव्हता म्हने. तव्हढपाईन असाच बठेल शे."

माझ्या लक्षात आलं. मी क्वचितच उघडते त्या गावाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ रविवारीच आला होता. आप्पांकडे साधा, बटणांचा फोन. आईकडे तर तोही नाही. सगळ्या गावाने जे पाहिलं होतं, ते या दोघांनीच पाहिलं नव्हतं. आप्पा सोमवारी पेपर घेऊन गेले तेव्हा रस्त्यातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. कुणी त्यांना काही म्हटलं नाही. मास्तरांना तोंडावर कोण विचारणार.

मी आप्पांजवळ बसले, फोन त्यांच्या हातात दिला आणि व्हिडिओ लावला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला.

"हाऊ ते मीच शे," ते म्हणाले.

"तुम्ही नाही, आप्पा. कुणीतरी बनवलाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला रागाची अपेक्षा होती. होती ती भीती.

"कव्हय बोलनू मी हाई?" त्यांनी विचारलं. "इसरी गऊ का?"

गेल्या वर्ष-दीड वर्षात आप्पा विसरायला लागले आहेत. औषध घेतलं की नाही, दूधवाला येऊन गेला की नाही, कुणाचं लग्न कुठल्या साली. त्यांना स्वतःला ते कळतं आणि लपवायला ते वहीत लिहून ठेवतात. आता त्यांना वाटत होतं, की आपण खरंच हे बोललो, पंचायतीला लिहूनही दिलं आणि ते सगळं डोक्यातून गेलं. स्वतःचं तोंड स्वतःच्या डोळ्यांनी बोलताना पाहिल्यावर माणूस आणखी काय समजणार?

मी त्यांना सांगितलं, थांबा. आप्पांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेत सत्कार केला होता. तो सगळा कार्यक्रम कुणीतरी इंटरनेटवर टाकला होता आणि माझ्याही फोनमध्ये होता. मी आईला माझा फोन धरायला लावला. शेजारच्या घरून आणखी एक फोन मागून आणला आणि दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. तोच हिरवा पडदा. तीच शाल. एका ठिकाणी आप्पा डावा हात उचलून शाल सावरतात आणि त्याच वेळी मागून पाण्याचा तांब्या घेऊन एक माणूस जातो. दोन्हीकडे तो माणूस जात होता. शाल त्याच क्षणी सावरली जात होती. फक्त एका फोनमधले आप्पा सगळ्यांचे आभार मानत होते आणि दुसऱ्यातले टपऱ्या उठवा म्हणत होते.

आप्पांनी ते सहा-सात वेळा बघितलं. दर वेळी तांब्यावाला माणूस आला की ते बोट लावायचे. नंतर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हनजे मी इसरेल नही," ते म्हणाले.

"नाही आप्पा."

आई आत चहा ठेवायला गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही दोघं चाचांच्या दुकानात गेलो. आप्पांनी सवयीने पेपर बरोबर घेतला होता. बाक बाहेर नव्हता. चाचा सुईत दोरा ओवत होते. त्यांनी मला "ये बेटा" म्हटलं आणि पुन्हा सुईकडे बघायला लागले.

"भाई," आप्पा उभ्यानेच म्हणाले, "तुले मन्हा राग वना का?"

"नही."

"मंग बाक कोठे गया?"

"मझार शे." चाचांनी मानेने आतली बाजू दाखवली.

मी चाचांच्या पुढ्यात खाली बसले आणि दोन्ही फोन गादीवर ठेवून कालच्यासारखेच लावले. त्यांना तांब्यावाला दाखवला, शाल दाखवली. चाचांनी सुई कापडात टोचून ठेवली. ते फार वेळ बघत होते. शेवटी बोलले ते माझ्याशी, आप्पांकडे न बघता.

"बेटा, पयले दिन मले खरं वाटनं. रातभर मी इचार कया, मास्तरनी अशे का बोलावं. दुसरे दिन मले समजनं, मास्तर अशे बोलनार नही. पन पयले दिन ते खरं वाटनं ना. पासष्ट-सत्तर वरीसना दोस्त, आनि मी मोबाईलवर भरवसा कया. आते याले तोंड कसं दखाडू?"

म्हणजे सोमवारी चाचांनी काम असल्याचं सांगितलं, ते रागाने नव्हतं. त्यांना लाज वाटत होती.

मी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तेव्हा बोलून गेले. "चाचा, मलापण खरंच वाटलं होतं. मी तर हेच शिकवते."

आप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, यांना लागलं. पण ते खाली बघून हळूच म्हणाले, "मले भी. मले वाटनं, मीच बोलनू आनि इसरी गऊ."

चाचांनी तेव्हा पहिल्यांदा आप्पांच्या डोळ्यांत पाहिलं. मग ते उठले, आत गेले आणि बाक बाहेर आणून ठेवला. फडक्याने पुसलाही.

चहा आला. चाचांना आता सगळं समजून घ्यायचं होतं. मी त्यांना सांगितलं, की माणसाचं बोललेलं कॉम्प्युटरला पुष्कळ ऐकवतात. तो शब्द कसा उच्चारतो, दम कुठे घेतो, कुठे थांबतो, हे सगळं कॉम्प्युटर उचलतो. मग आपण पाहिजे ते वाक्य लिहून द्यायचं. कॉम्प्युटर ते त्या माणसाच्या आवाजात बोलून दाखवतो आणि चित्रातले ओठही त्या वाक्याप्रमाणे हलवतो. पूर्वी यासाठी मोठी यंत्रं आणि जाणकार माणसं लागायची. आता फोनवर होतं आणि दोन मिनिटांचं बोलणंही पुरतं.

चाचा ऐकता ऐकता मान हलवत होते. "म्हनजे जुनी गादी उसवी, कापूस पिंजा आनि दुसरी खोयमा भरी दिना," ते म्हणाले. "कापूस मास्तरना, गादी भलतानी."

मी आजवर फळ्यावर काढलेल्या सगळ्या बाणांपेक्षा हे चांगलं होतं. पुढच्या आठवड्यात मी वर्गात तेच सांगितलं.

आम्ही तक्रार केली. आधी ठाण्यात, मग नंदुरबारला जिल्ह्याच्या सायबर कक्षात. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं नीट लिहून घेतलं. आप्पांनी त्याच्या अर्जातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली. ज्या नंबरवरून व्हिडिओ पहिल्यांदा आला, तो नंबर दुसऱ्याच कुणाच्या कागदपत्रांवर घेतलेला निघाला आणि तपास तिथे अडकला. तो व्हिडिओ कुणी केला, हे आजपर्यंत कळलं नाही. स्टँडसमोरचा रस्ता रुंद करायचा विषय तेव्हा चालू होता. मास्तरांचं नाव पुढे केलं की लोक ऐकतील, असं कुणाला तरी वाटलं असेल. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याचाच आवाज चोरतात. कुणी न ऐकणाऱ्या माणसाचा आवाज चोरून काय उपयोग?

ग्रुपवर मी दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून टाकले, खाली सगळं लिहिलं. बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पण मूळ व्हिडिओ किती ठिकाणी गेला होता आणि माझा किती ठिकाणी पोचला, याचा काही मेळ नव्हता. टपरीवाले अजूनही आप्पांना बघून जरा गप्प होत.

तेव्हा चाचांनीच सुचवलं. "मन्हा बनाव," ते म्हणाले. "बाजारना दिन सगळासले दखाडू."

मला आधी ते पटेना. पण ते हटून बसले. मी त्यांचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि कॉलेजच्या लॅबमध्ये बसून व्हिडिओ तयार केला. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात गाद्यांच्या ढिगावर लॅपटॉप ठेवला. पन्नास-साठ माणसं जमली. पडद्यावर चाचा दिसले, भुवयांवर कापूस, मागे मशीन, आणि ते खणखणीत इंग्रजीत कापसाच्या गादीवर झोपल्याने पाठीला काय फायदे होतात ते सांगत होते. चाचांना इंग्रजीतले आकडेही येत नाहीत. लोक पोट धरून हसले. भाजीवाल्या बाईने विचारलं, "चाचा, कव्हय जाई वनात लंडनले?" चाचा स्वतः सगळ्यांत जास्त हसत होते. मग मी आप्पांचे दोन्ही व्हिडिओ लावले आणि या वेळी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. शेजारचा चप्पलवाला पुढे आला आणि आप्पांच्या पाया पडला. आप्पा त्याला उठवत म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे, तुनं काय चुकनं."

गर्दी पांगल्यावर चाची आतून आल्या. चाचांच्या बायको. त्या पडद्याआडून सगळं बघत होत्या आणि हसल्या नव्हत्या. माझ्याजवळ बसून त्यांनी विचारलं, "ये मिट जाता है क्या?"

"मिटवता येतो, चाची."

"तो मिटा दे बेटा. आज हँसी है. कल ये नहीं रहेंगे, तब भी ये बोलता रहेगा. जो इन्होंने कहा ही नहीं, वो मेरे को नहीं सुनना."

मी त्यांच्या समोर तो व्हिडिओ पुसला. लॅपटॉपमधून, फोनमधून, पुसलेल्या फायलींच्या टोपलीतूनही. त्यांनी प्रत्येक वेळी विचारलं, गेला का. गर्दीतल्या कुणी लॅपटॉपचं शूटिंग केलं होतं की नाही, ते मात्र मला माहीत नव्हतं, आणि चाचींना ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्या वर्षी मी वर्गात हा विषय शिकवला तेव्हा आप्पांची गोष्ट सांगितली. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. तिने स्वतःचे सगळे फोटो इंटरनेटवरून काढून टाकले होते. तिच्या मैत्रिणीचा चेहरा कुणीतरी भलत्याच चित्रावर चिकटवला होता आणि त्या मैत्रिणीचं कॉलेज सुटलं. "मॅडम, तुमच्या वडिलांच्या बाजूने गाव उभं राहिलं," ती म्हणाली. "तिला तर घरच्यांनीच विचारलं, खरं सांग." मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले, तिच्या आईशी बोलले. दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला आईने ऐकून घेतलं. पुढल्या वर्षी ती मैत्रीण परत वर्गात बसली, पण शेवटच्या बाकावर, आणि वर्गाचा ग्रुप फोटो काढायच्या दिवशी ती आली नाही.

गावात वेगळंच काही सुरू झालं. बाजारातल्या त्या खेळाचा असा परिणाम होईल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जो तो म्हणू लागला, मोबाईलमधलं सगळं खोटं असतं. पावसाळ्याआधी मुरूम काढणाऱ्या मशीनने गावाबाहेरच्या वस्तीची पाण्याची पाइपलाइन फोडली. वस्तीतल्या एका बाईने त्याचा व्हिडिओ काढला. ग्रामसभेत तो दाखवल्यावर मशीनवाला उठून म्हणाला, "मास्तरांच्या पोरीनेच दाखवलं ना, असं काहीही बनवता येतं." मी त्या दिवशी गावातच होते, मागे उभी होते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती बाई हातात फोन घेऊन तशीच उभी. आपण काढलेलं खरं कसं आहे, हे ती कशी सिद्ध करणार होती?

आप्पा उठले. सभेत ते बरीच वर्षं बोलले नव्हते.

"व्हिडिओ ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मी फिराले जायेल व्हतू. मी तठे उभा व्हतू. मशीन याच माणूसनं व्हतं. मन्हा दोन्ही पाय भिजनात."

मशीनवाला आप्पांचा विद्यार्थी होता. तो खाली बसला. चार दिवसांत पाइपलाइन जोडली गेली. घरी येताना आप्पा मला म्हणाले की हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून आठवलं.

त्यांना स्वतःलाही हा रोग लागला होता, नाही असं नाही. माझा भाऊ पुण्याला असतो. एकदा त्याचा सर्दीने बसलेल्या आवाजात फोन आला, तर आप्पांनी आधी परीक्षा घेतली. "सांग, तुले लहानपने कोन्ता बैल मारी व्हता?"

"बैल नही आप्पा, म्हैस व्हती," भाऊ खोकत म्हणाला.

आप्पांचं समाधान झालं. चुकीचा प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारला होता. पण आईला हा प्रकार अजिबात पटला नाही. ती म्हणाली, "इतलं काय करनं? जेवना का म्हनीसन इचारा. मन्हा पोऱ्या व्हई ते खोटं बोली, उपाशी ऱ्हायना तरी जेवनू म्हनी."

रस्त्याचं पुढे मोजमाप झालं. टपऱ्या पाच-सहा फूट मागे सरकल्या, तेवढंच. चाचांचं दुकान लहान झालं, मशीन भिंतीला लागलं आणि आप्पांचा बाक पायरीवर आला.

गेल्या थंडीत चाचा नेहमीप्रमाणे मोलगीच्या बाजाराला रजया घेऊन निघाले. डोंगरात थंडी कडाक्याची पडते आणि तिथे त्यांच्या रजयांना वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक आहे. आप्पा त्यांच्याबरोबर कधी गेले नव्हते. या खेपेला म्हणाले, मी येतो. कॉलेजला सुट्टी होती. दोघांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, असं म्हणून आईने मला पाठवलं. टपावर रजयांचे गठ्ठे बांधलेल्या जीपमधून आम्ही धडगावमार्गे वर गेलो. वळणावळणावर चाचा आप्पांना दऱ्या दाखवत होते, जणू त्या त्यांनीच शिवल्या होत्या.

बाजारात चाचांनी रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरली. आप्पा एका गठ्ठ्यावर बसले. थोड्या वेळाने पन्नाशीचा एक शेतकरी समोर येऊन उभा राहिला. त्याने आप्पांकडे दोन-तीनदा निरखून पाहिलं आणि मराठीत विचारलं, "तुम्ही ते मोबाईलमधले गुरुजी ना? दुकानं उठवा म्हणणारे?"

आप्पांचा चेहरा पडला. इतक्या दूर, डोंगरात, ते पोचलं होतं. मी खोटं आहे म्हणून सांगायला पुढे झाले, पण चाचा रजईची घडी उलगडता उलगडता आधीच बोलले.

"तेच हे. माझंच दुकान उठवा म्हणत होते. आता बघा, माझ्याच दुकानात कामाला आले."

तो माणूस एकदा आप्पांकडे, एकदा चाचांकडे बघू लागला. चाचा हसले, मग आप्पा हसले, आणि त्या दोघांना हसताना बघून तोही हसला, काय ते न कळताच. मग आप्पांनी त्याला जवळ बसवलं आणि पहिलीच्या मुलाला शिकवावं तसं सगळं सावकाश सांगितलं. सत्कार, शाल, तांब्यावाला माणूस, जुन्या कापसाची नवी गादी. मी फोन धरून उभी होते. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, दोन्ही व्हिडिओ पाहिले. मग त्याने एक प्रश्न विचारला. इतक्या महिन्यांत तो आम्हाला कुणीच विचारला नव्हता.

"मग खरं काय बोलले होते तुम्ही?"

आप्पांनी टोपी सरळ केली. "काही नाही हो," ते म्हणाले, "सगळ्यांचे आभार मानले होते."

त्या माणसाची थोडी निराशा झालेली दिसली. त्याने मान हलवली आणि समोरची निळी रजई हातात घेऊन दोन बोटांत तिची जाडी पाहिली. चाचांनी विचारलं, "एकट्याला पाहिजे का दोघांना?"

"पाच जण आहोत," तो म्हणाला.

चाचा मोठी रजई काढायला वाकले आणि आप्पांनी उठून दुसरं टोक धरलं.